महायुद्ध नाकेबंदीने संपलं असतं तर? दीर्घकथेसाठी सल्ला हवा आहे

फणसवाडीकर
मंडळी, दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा डोक्यात घोळतेय. दुसरं महायुद्ध, पण अणुबॉम्ब पडत नाही, जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर अमेरिकन फौज उतरत नाही. जपानभोवतीचा समुद्रच आवळत आणला जातो आणि टोकियो शरण येतं. कथा घडते मुंबईत. नायक रत्नागिरीकडचा खलाशी, मुक्काम डोंगरीत, काम मालवाहू बोटींवर.

अडलंय ते इथे की इतिहासाला वळण नेमकं कुठे द्यायचं. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या मनात एकाएकी दया उपजली असं लिहिलं तर तुम्हीच मला सोलून काढाल. कोणता प्रसंग बदलू? काय वाचू? मुंबईत त्या काळातलं कुठे चाळायला मिळेल? पुस्तकांच्या लांबलचक याद्या मात्र नकोत, नोकरी सांभाळून लिहितोय.

चिंचपोकळी_स्लो
वाखूसा (वाचनखूण साठवली). पण जपान कशाला? आपलं १९७१ घ्या की. विक्रांतने बंगालचा उपसागर बंद केला, इकडे क्षेपणास्त्र बोटींनी कराची पेटवली, तेरा दिवसांत खेळ खलास. घरचा विषय सोडून पॅसिफिकला कशाला जाताय?

दर्यावर्दी
चिंचपोकळी, ७१ साली विक्रांतने बाहेरून कडी घातली हे खरं, पण आत शिरून ढाका घेतलं ते जमिनीवरच्या फौजेने. नुसत्या नाकेबंदीने मोठं युद्ध संपवायच्या सर्वात जवळ कोणी पोचलं असेल तर ते १९४५ साली जपानभोवती. तेव्हा धागाकर्त्याची निवड बरोबर आहे.

फणसवाडीकर, वॉशिंग्टनच्या बैठकांमध्ये शिरूच नका. टॉर्पेडोपाशी जा. अमेरिकन पाणबुड्यांचा मार्क १४ टॉर्पेडो युद्ध सुरू झालं तेव्हा चक्क खोटा निघाला होता. कप्तान नेम धरून मारायचे आणि तो जहाजाच्या खालून निघून जायचा. तक्रार केली की वरून ठरलेलं उत्तर: तुमचाच नेम चुकला असेल. शेवटी जून १९४२ मध्ये ॲडमिरल लॉकवूडने पश्चिम ऑस्ट्रेलियात ऑल्बनीजवळ एका कोळ्याकडून जाळं विकत घेतलं, पाण्यात सोडलं आणि त्यावर टॉर्पेडो मारून बघितले. मग भोकं कुठे पडली ते मोजलं. दहा फुटांवर लावलेला टॉर्पेडो पंचवीस फुटांवरून गेला होता!

एवढ्यावर भागलं नाही. खोली सुधारली तर चुंबकीय स्फोटक दगा द्यायचं, ते बंद केलं तर धडकेवर फुटणारी पिन. जुलै १९४३ मध्ये टिनोसा पाणबुडीला एक भलंमोठं जपानी तेलवाहू जहाज सापडलं. पहिले काही टॉर्पेडो फुटले, जहाज जागीच थांबलं. मग कप्तानाने निवांत जागा धरून, अगदी काटकोनात, एकेक मारायला सुरुवात केली. सगळे धडकले, एकही फुटेना. शेवटचा त्याने मारलाच नाही, तपासायला पर्ल हार्बरला परत नेला. मग कळलं की सरळ धडक बसली की पिन वाकते आणि तिरकी बसली की टॉर्पेडो फुटतो. म्हणजे जितका नेम चांगला तितकं काम वाया. हे सगळं निस्तरेपर्यंत सप्टेंबर १९४३ उजाडला.

एक टॉर्पेडो दहा हजार डॉलरच्या घरात आणि काळ मंदीचा, त्यामुळे युद्धाआधी खरे स्फोट करून बघायची कुणाची छाती झाली नाही. तुमचं वळण इथेच घ्या. ऱ्होड आयलंडच्या टॉर्पेडो कारखान्यातल्या एखाद्या हट्टी फोरमनने १९४० सालीच असं जाळं पाण्यात सोडलं. बस. दया नको, राजकारण नको, एक मेमो पुरे.

ताळेबंद
दर्यावर्दी, वाचायला झकास आहे, पण हिशोब जुळत नाही. १९४२ मध्ये पॅसिफिकमध्ये अमेरिकन पाणबुड्या होत्याच मोजक्या. आणि शत्रू काय झोपलाय? जपानने जहाजांचे ताफे करून त्यांना संरक्षण द्यायला वेगळं मुख्यालय काढलं ते थेट नोव्हेंबर १९४३ मध्ये, कारण तोवर नुकसान अंगावर आलं नव्हतं. तुम्ही टॉर्पेडो लवकर दुरुस्त केलात की ते मुख्यालयही लवकर निघणार.

दुसरं, नाकेबंदीचा शेवटचा फास पाणबुड्यांनी नाही, विमानांनी आवळला. २७ मार्च १९४५ पासून टिनियन बेटावरची बी-२९ विमानं रात्री खाली येऊन शिमोनोसेकीच्या सामुद्रधुनीत आणि बंदरांच्या तोंडाशी पॅराशूटने सुरुंग सोडायला लागली. बारा हजारांवर सुरुंग. काहींना मोजणी यंत्र होतं: पहिली काही जहाजं वरून बिनधास्त जाऊ द्यायची आणि पुढचं उडवायचं. बंदर साफ झालं असं समजून माणूस बोट सोडणार, आणि तिथेच फसणार. या मोहिमेचं नावच ‘ऑपरेशन स्टार्व्हेशन’. आता ही विमानं पोचायला मारियाना बेटं हवीत (टिनियन त्यांतलंच), आणि ती १९४४ च्या उन्हाळ्याआधी हातात येत नाहीत. तेव्हा फार तर काही महिने वाचतील, वर्ष नाही.

दर्यावर्दी
काही महिनेच हवेत हो! पहिली अणुचाचणी १६ जुलै १९४५. जपान मे महिन्यात शरण आला तरी कथा उभी राहते. शिवाय संरक्षक ताफे काढायला संरक्षक बोटी लागतात, आणि त्यांना तेल लागतं, जे याच टँकरमधून यायचं.

आणि मे मध्ये संपलं तर काय होतं बघा. रशियाचा करार होता जर्मनी पडल्यावर तीन महिन्यांत उतरायचा. म्हणजे रशिया मंचुरियात शिरतच नाही. ऑगस्टमध्ये नकाशावर घाईघाईने ३८ अंशांची रेघ ओढली गेली, ती ओढायची वेळच येत नाही. कोरिया एकसंध. पुढच्या कोरियन युद्धाची अख्खी ठिणगी गेली.

सुलेखा_ठाणे
पुरुषमंडळी टॉर्पेडोच्या पिनमध्ये रमलीयेत, चालू द्या. पण फणसवाडीकर, एक कळकळीची विनंती. नाकेबंदी म्हणजे बॉम्बपेक्षा सभ्य मार्ग, असं कथेत होऊ देऊ नका.

जपानला तांदूळ कोरिया आणि तैवानहून यायचा, मीठ आणि सोयाबीन मंचुरियाहून. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३३० ग्रॅम धान्य शिध्यावर मिळत होतं, जुलै १९४५ मध्ये त्यातही दहा टक्के कापले. त्याच महिन्यात १४ आणि १५ तारखेला अमेरिकन विमानांनी आओमोरी ते हाकोदाते चालणाऱ्या रेल्वेच्या बाराच्या बारा फेरीबोटी बुडवल्या किंवा निकामी केल्या. होक्काइदोचा कोळसा तिकडेच अडकला. पुढचं लक्ष्य रेल्वे होतं. तुम्ही बॉम्ब काढून घेतलात तर हे सगळं पुढे चालू राहणार, हिवाळा येणार. १९४५ चं भाताचं पीक तसंही फार वाईट आलं, आणि सप्टेंबरातलं माकुराझाकीचं वादळ काही तुमच्या कथेसाठी थांबणार नाही. प्रत्यक्षात पुढच्या वर्षी अमेरिकन धान्य उतरलं म्हणून निभावलं. नाकेबंदीत तेच धान्य दाराशी अडवलेलं असतं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनने जर्मनीला असंच आवळलं होतं. १९१६-१७ चा हिवाळा लोकांनी सलगमावर काढला. आणि शस्त्रसंधी झाल्यावरही वेढा पूर्ण उठला तो जुलै १९१९ मध्ये. उपासमारीत आधी म्हातारी आणि पोरं जातात, सेनापती शेवटी.

शिवाय जपानबाहेरची माणसं? वेढा जितका लांबेल तितके दिवस चीन, जावा, व्हिएतनाम जपानी टाचेखाली. टोंकिनमध्ये, म्हणजे उत्तर व्हिएतनाममध्ये, १९४४-४५ चा दुष्काळ लाखोंनी माणसं घेऊन गेला.

ताळेबंद
सुलेखाताईंना +१. आणि वाचनाचं म्हणाल तर अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक बॉम्बिंग सर्व्हेचा १९४६ चा पॅसिफिकवरचा सारांश अहवाल वाचा, नेटवर फुकट आहे. त्यात म्हटलंय की बॉम्ब, रशिया, स्वारी, काही नसतं तरी जपान ३१ डिसेंबर १९४५ च्या आत शरण आला असता. ते वाक्य मिठाच्या चिमटीबरोबर घ्या. हवाई हल्ल्यांनी काय साधलं हे मोजायलाच ती समिती नेमलेली, त्यांना उत्तर तसंच सापडायचं. पण तक्ते उपयोगी आहेत. किती टन जहाजं उरली, कोळसा किती आला, सगळं मिळेल.

थळकर
अवांतर वाटेल, पण नाकेबंदी फसते कशी ते बघायचं असेल तर आमच्या दारात या. १६७९ साली महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, मायनाक भंडारी बेटावर उतरले. मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून बेट घेरलं. थळवरून आमची लोकं रात्री लहान होड्या वल्हवत, उथळ पाण्यातून सामान पोचवायची. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं नुसती उभी. ऑक्टोबरात लढाईत एक इंग्रज गलबतही आपल्या आरमाराने पकडून नेलं. किल्ला झालाच. कथेत तुमच्या खलाशाला ही गोष्ट आजोबांकडून ऐकलेली असू दे, म्हणजे जपानला आवळतात ऐकल्यावर त्याचा पहिला प्रश्न येईल: पण लहान होड्यांचं काय?

सुलेखा_ठाणे
थळकर, क्या बात! आणि त्याला उत्तर बंगालमध्ये आहे. १९४२ साली जपानी येतील या भीतीने सरकारने किनाऱ्याकडच्या, दहापेक्षा जास्त माणसं बसतील अशा होड्या काढून घेतल्या. कोळ्यांचा धंदा बसला, भात हलेना, आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झालेला होताच. म्हणजे आपल्या लोकांनी नाकेबंदी सोसली होती, आणि घालणारं सरकार आपल्यावरच राज्य करत होतं. खलाशी कलकत्त्याला उतरलेला दाखवा.

काळाघोडा_वारी
मुंबईचं सांगतो. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, मुंबई सरकारची दप्तरं तिथे. जुन्या वर्तमानपत्रांसाठी टाउन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. लेख वाचू नका, जाहिराती आणि छोट्या बातम्या वाचा. रेशनिंग १९४३ ला आलं, त्यानंतरच्या अंकांत लोक कशावरून कुरकुरत होते ते दिसेल. ब्लॅकआउटचे दंड, दुकानदारांवरचे खटले, असलं सोनं तिथेच सापडतं. १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट टाळता येणार नाही. डोंगरीत राहणाऱ्या खलाशाने फोर्ट स्टिकिन या बोटीच्या त्या स्फोटाचा आवाज ऐकला नाही असं लिहाल तर पहिला प्रतिसाद माझा असेल.

चिंचपोकळी_स्लो
मे ४५ ला युद्ध संपलं तर नेताजींचं ऑगस्टमधलं विमान उडतच नाही. आणि फेब्रुवारी ४६ चं नाविकांचं बंड? मुंबईतल्या ‘तलवार’ या नौदल तळावरचे खलाशी वाईट जेवणावरून बसले होते ना?

फणसवाडीकर
सगळ्यांचे आभार. ऱ्होड आयलंडचा फोरमन घेतोय, पण एका परिच्छेदापुरता. सुलेखाताई, कलकत्ता पक्कं. शेवट टोकियोच्या शरणागतीवर करणार होतो, आता एका मालवाहू बोटीवर करतो. पोटात ब्रह्मदेशचा तांदूळ, आणि कप्तानाला अजून ठाऊक नाही की वेढा उठलाय की नाही.

चिंचपोकळी, नेताजींना हात लावला तर दिवाळी अंकाऐवजी दिवाळी ग्रंथ होईल. बंडाचं मात्र बघतो. जेवण मे मध्येही वाईटच असणार. दर्यावर्दीकाका, त्या काळच्या मालवाहू बोटीवर सारंग (खलाशांचा मुकादम) आणि टिंडल (त्याच्या हाताखालचा) यांच्यात कामाची वाटणी कशी असायची ते सवडीने लिहाल का?

दर्यावर्दी
लिहितो. आधी एवढं सांगा, तुमचा माणूस डेकवरचा की इंजिनखोलीतला? दोन्हीकडचे सारंग वेगळे, आणि एकमेकांशी बोलतीलच असं नाही.