एमएमसी३ : स्टेटस बार एक ओळ थरथरतो, मोजणी कुठे चुकतेय?

प्रश्न
एनईएसच्या (निन्टेन्डोचा जुना गेम कन्सोल) एम्युलेटरमध्ये मॅपर ४, म्हणजे कार्ट्रिजमधली एमएमसी३ चिप, लिहितोय. दर स्कॅनलाइनला (चित्राच्या आडव्या ओळीला) डॉट २६० (डॉट म्हणजे पीपीयू या चित्र काढणाऱ्या चिपची एक सायकल) आला की काउंटर एकने कमी, शून्य झाला की आयआरक्यू (सीपीयूला व्यत्यय). बहुतेक रॉम नीट चालतात, पण दोन-तीन गेममध्ये स्टेटस बार थरथरतो. एकात ८×१६ पिक्सेलचे स्प्राइट (हलणाऱ्या आकृत्या) आहेत, तिथे स्प्लिट (स्टेटस बार जिथे वेगळा होतो ती जागा) पार भलतीकडे जातो. गेमगणिक वेगळा ऑफसेट द्यावा का?

उत्तर १
ऑफसेटच्या नादी लागू नका. एक गेम बसवाल, दुसरा हलेल. चिपला स्कॅनलाइन कळतच नाही. ती पीपीयूच्या ए१२ या ॲड्रेस लाइनची चढती कडा (० वरून १ होणं) मोजते. बॅकग्राउंडचं पॅटर्न टेबल (टाइलच्या चित्रांचं) $०००० आणि स्प्राइटचं $१००० ला असेल तर ती कडा डॉट २६०ला येते, उलट असेल तर ३२४ला. रेंडरिंग बंद असताना $२००६ या पीपीयूच्या रजिस्टरमध्ये पत्ता लिहूनही ए१२ चढते, तीही मोजा.

प्रश्नकर्ता
प्रत्येक फेचला (पीपीयूच्या मेमरी-वाचनाला) ए१२ तपासली. आता एका ओळीत काउंटर ८ने उतरतो!

उत्तर २
फिल्टर राहिला. प्रत्येक स्प्राइटच्या ८ डॉटमध्ये आधी नेमटेबलचे (कुठे कोणती टाइल हे सांगणाऱ्या तक्त्याचे) दोन निरुपयोगी फेच होतात, तेव्हा ए१२ चार डॉट खाली असते. मग पॅटर्नसाठी वर जाते. असे ८ स्प्राइट, म्हणून ८ कडा. ए१२ खाली असताना एम२च्या (सीपीयूच्या घड्याळ-सिग्नलच्या) तीन उतरत्या कडा गेल्या असतील तरच पुढची चढती कडा धरा. चार डॉट म्हणजे सीपीयूची जेमतेम १.३३ सायकल, ती आपोआप गळते.

८×१६चा घोळ बहुधा वेगळा आहे. ओळीत स्प्राइट नसला तरी पीपीयू रिकाम्या जागी टाइल २५५चा फेच करतो. टाइल क्रमांक विषम, म्हणजे $१००० चं टेबल, म्हणजे ए१२ वर. वेग वाचवायला हे फेच गाळले असतील तर रिकाम्या ओळी मोजल्याच जाणार नाहीत. प्री-रेंडर ओळीवरही (चित्राआधीच्या न दिसणाऱ्या ओळीवर) फेच हवेत. ती धरून फ्रेमला २४१ मोजण्या होतात.

उत्तर ३
एवढं करूनही बरोबर एका ओळीचा फरक उरला तर रीलोड बघा. रीलोड रजिस्टरला राइट आला की लॅच (काउंटरमध्ये भरायचा साठवलेला आकडा) लगेच काउंटरमध्ये भरू नका, काउंटर फक्त शून्य करा. लॅच पुढच्या कडेला भरतो, म्हणून लॅच २० असेल तर आयआरक्यू २१व्या कडेला. लॅच ० असेल तेव्हा मात्र चिपांचं एकमत नाही : काही आवृत्त्या दर ओळीला आयआरक्यू देतात, काही एकदाच. हे स्विच म्हणून ठेवा.