धाब्याचं घर पाडावं की ठेवावं? एलसीएच्या वहीत काय काय धरायचं?

खतावणी (यावल तालुका)

नमस्कार मंडळी. तापीकाठच्या गावात आमचं सात खणांचं धाब्याचं घर आहे. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, म्हणजे ऐंशीच्या पुढे वय. कच्च्या विटांच्या दीड हात जाड भिंती, सागाचे खांब, वर कड्या, किलचन (कड्यांवर आडव्या घातलेल्या लाकडी पट्ट्या) आणि त्यावर वीतभर खारी माती. गेल्या श्रावणात मधल्या खणातली एक कडी वाळवीनं खाल्ली आणि रात्रीतून खाली बसली. खाली फक्त गव्हाची कोठी होती. कोठी वाचली, गहू गेले.

तेव्हापासून ह्यांचं एकच, "पाडू आणि स्लॅब टाकू." ठेकेदारानं १,००० चौरस फुटांचा कच्चा अंदाजही दिलाय: सिमेंट ४०० गोण्या, सळई ४ टन. पुतणी धुळ्याला सिव्हिल शिकते. ती म्हणाली, काकू, आधी एलसीए (लाइफ सायकल असेसमेंट) करा. म्हणजे चुनखडी खाणीतून निघाल्यापासून घराचा मलबा होईपर्यंत जो धूर हवेत जातो तो सगळा मांडायचा.

मी पतसंस्थेत हिशेब लिहिते, त्यामुळे कल्पना मला फार पटली. पण वही कोणत्या तारखेला उघडायची आणि कधी बंद करायची तेच कळेना. आजेसासऱ्यांच्या सागवानाचा खर्च आमच्या नावे टाकायचा का? दर वर्षी मृगाआधी धाब्यावर चढवायची माती? आणि स्लॅब झाला की मुलं एसी मागणार हे मला आत्ताच दिसतंय, ते कुठे लिहायचं?

ओळंबा (जळगाव)

ताई, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. मी बांधकाम सल्लागार आहे, थोडं सविस्तर लिहितो.

आधी माप ठरवा. आयएसओ १४०४० या एलसीएच्या आंतरराष्ट्रीय मानकात यालाच सगळ्यात आधीचं काम मानलंय. "जुनं घर विरुद्ध नवं घर" हे माप झालं नाही. "१,००० चौरस फूट, राहण्याजोगं, न गळणारं, ५० वर्षं" हे माप. गळणारं धाबं आणि न गळणारा स्लॅब यांची तुलनाच होत नाही. धाबं न गळण्यासाठी जे लागेल ते धाब्याच्या नावे.

आजेसासऱ्यांच्या सागाचं खातं मिटलेलं आहे. जो कार्बन त्या काळी खर्च झाला तो आज पाडल्यानं परत येत नाही. वही आजपासून उघडा. इमारतींसाठी युरोपात ईएन १५९७८ नावाचं मानक आहे, त्यात चार कप्पे केलेत: ए म्हणजे माल आणि बांधणी, बी म्हणजे वापर आणि दुरुस्ती, सी म्हणजे पाडणं, डी म्हणजे त्यातून पुढे कामी येणारा माल. तुमचा एसी बी मध्ये, मृगाची मातीही बी मध्येच.

आता ए. ४०० गोण्या म्हणजे २० टन सिमेंट. साधं ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं सिमेंट, असेल तर किलोमागे ०.९ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १८ टन. यातला अर्ध्याहून जास्त कोळशाचा नाहीच, चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघतो, त्यामुळे भट्टी कितीही सुधारली तरी तो वाचत नाही. म्हणून क्लिंकरच, म्हणजे भट्टीत भाजून निघालेला माल, कमी करायचं. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, घ्या, त्यात ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते, आणि राख आपल्याला परकी नाही, भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र आहेच. मग आकडा १२-१३ टनांवर येतो. ४ टन सळईचा कार्बन ८ टन धरा. जालन्याची सळई भंगारातून होते म्हणून आकडा कमी, असं परस्पर धरू नका; त्यात कोळशावर केलेलं स्पंज आयर्न (खनिजापासूनचं कच्चं लोखंड) किती मिसळलंय ते विचारा. विटा, खडी, वाळू, ट्रकचं डिझेल धरून एकूण २५ टनांच्या घरात.

आता एसी. दीड टनाचा, रात्री आठ तास, मार्च ते जून शंभर रात्री: साधारण १,००० युनिट. आपल्या ग्रीडवरच्या विजेला युनिटमागे ०.७ किलो कार्बन. वर्षाला ७०० किलो, ५० वर्षांत ३५ टन! वीज पुढे आजच्याइतकी कोळशाची राहणार नाही, तेव्हा हा आकडा वरचा समजा. पण एकच एसी अख्ख्या घराच्या सिमेंट-सळईच्या पुढे जाऊ शकतो, हे लक्षात घ्या. एसी लागणार तो स्लॅबमुळे, म्हणजे तुमच्या वहीत मोठी रक्कम छपराची आहे. भिंती तशा गरीब आहेत, बिचाऱ्या काही मागत नाहीत.

पांझराकाठ (धुळे)

ताई, घाई करू नका. आम्हनं बी असंच व्हयनं.

मी सहा वर्षांपूर्वी वडिलांचं धाबं पाडलं. सागाच्या कड्या व्यापाऱ्याला जळणापेक्षा जरा बऱ्या भावानं गेल्या. त्याच मापाची चौकट नंतर विकत घेताना घाम फुटला. भिंतींची माती चांगली कामी आली, चार ट्रॉल्या शेतात टाकल्या, त्या पट्ट्यातली ज्वारी अजून वेगळी दिसते. ओळंबा भाऊ, हा तुमचा डी कप्पा ना?

पण खरी गंमत पायाची. आमची जमीन काळी. ठेकेदार चार फुटांवर थांबला, मुरूम काही लागलाच नव्हता. तिसऱ्या पावसाळ्यात जिन्याच्या भिंतीला बोट जाईल अशी चीर. पुन्हा खोदा, पुन्हा सिमेंट, पुन्हा सळई. ती दुरुस्ती कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हती. काळ्या जमिनीत ऐंशी वर्षं उभ्या असलेल्या भिंतीचा पाया बसायचा तेवढा बसून गेलेला असतो, तो हातचा सोडू नका.

मे महिन्यात वरच्या खोलीत कोणी झोपत नाही. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारतो, तर वाफ येते. आई मात्र खूश आहे. पाऊस आला की भांडी घेऊन पळावं लागत नाही, म्हणते.

आक्का (चोपडा)

तुमची आई बरोबर बोलते. मातीचा कार्बन शून्य धरला, ठीक. ती खारी माती पाटीनं धाब्यावर कोण चढवतं? सारवण कोण करतं? सासरी वीस वर्षं मी केलंय. मणक्याच्या डॉक्टरची फी कोणत्या कप्प्यात बसते ते ओळंबा भाऊंनी सांगावं.

ओळंबा

आक्का, कोणत्याच नाही. एलसीए हवा, पाणी, माती, ऊर्जा मोजतं. माणसाच्या कष्टाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि मांडायला हवाच. बोलणं मान्य.

म्हणूनच तिसरा पर्याय सुचवतो. खराब कड्या बदला, धाबं ठेवा, आणि त्यावर हातभर मोकळी जागा सोडून पत्र्याचं दुसरं छप्पर घाला. ऊन आणि पाऊस पत्रा झेलेल, मधून वारा खेळेल, खालची माती कोरडी राहील. दर मृगाला माती चढवणं बंद. पत्रा आणि पाइप मिळून टनाच्या आतबाहेर लोखंड, म्हणजे अडीच टन कार्बन. पत्रा पंचवीस वर्षांनी बदलायचा, तेही आजच लिहून ठेवा. तरी ५० वर्षांत पाचच्या आसपास, २५ नाही.

एक अट. पाइपचा भार जुन्या खांबांवर नको, बाहेरून वेगळे खांब घ्या.

पांझराकाठ

आणि पत्रे नीट आवळा. जे वावधन केळी आडवी करतं ते पत्रेही नेतं. आमच्या शेजाऱ्याचा पत्रा दुसऱ्या दिवशी नाल्यात सापडला. कडेचे स्क्रू दुप्पट मारा.

खतावणी

सगळ्यांचे आभार. आक्का, तुमचा निरोप सासूबाईंना वाचून दाखवला, त्या म्हणाल्या, "ही बाई कोण, हिला घरी बोलाव."

काल मी एक उद्योग केला. केळीच्या नर्सरीतला तापमापक आणून दुपारी चारला तीन ठिकाणी ठेवला. बाहेर सावलीत ४४, दिराच्या स्लॅबखाली ४१, आमच्या मधल्या खणात ३५. हे तिन्ही आकडे मी ह्यांच्या ताटाशेजारी ठेवले. ते काही बोलले नाहीत, दुसरी भाकरी घेतली.

आज सुतार येऊन प्रत्येक कडीवर हातोडी मारून गेला. चांगली कडी टणक वाजते, पोखरलेली भद्द. एकोणीसपैकी चार भद्द निघाल्या, त्यातली एक नेमकी माझ्या पलंगावरची. आज रात्रीपासून पलंग ओसरीत.

ओळंबा भाऊ, त्या चार कड्यांना नवा साग घ्यायचा की पाडलेल्या घरांतून निघणारा जुना? आणि जुना घेतला तर वहीत शून्य लिहू ना?

ओळंबा

जुनाच घ्या. कापणी आणि टेम्पोचं डिझेल तेवढं लिहा. आणि आणण्याआधी त्याच सुताराकडून त्याच हातोडीनं वाजवून घ्या.