लेब्रॉनला एमव्हीपी मिळाला म्हणून करीवर अन्याय झाला? मला नाही पटत

सातारकर_गार्ड
परवा इथे एकाने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या अमेरिकेच्या बास्केटबॉल टीमबद्दल, म्हणजे स्टीफन करी आणि लेब्रॉन जेम्सबद्दल लिहिलं, "पॅरिसला करीचे सेमीफायनलमध्ये ३६ गुण, फायनलमध्ये २४. सोनं करीने आणलं आणि एमव्हीपी दिला लेब्रॉनला, वयाचा मान ठेवून." खाली सगळे 'अगदी बरोबर' म्हणत सुटलेत. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा किताब. तो स्पर्धेचा असतो, दोन रात्रींचा नाही. पहिल्या चार सामन्यांत करीचे सगळे मिळून २९ गुण आणि थ्रीमध्ये (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटमध्ये) २० पैकी ५. तेव्हा टीम कोण ओढत होतं? लेब्रॉनची सहा सामन्यांची सरासरी १४.२ गुण, ६.८ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), ८.५ असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास). सर्बियाविरुद्ध सेमीफायनलला १६ गुण, १२ रिबाउंड, १० असिस्ट. फायनलला १४, ६ आणि १०. वय ३९. नुसता गुणांचा रकाना वाचून मॅच कळत नाही.

रात्रपाळी
पहिल्या चार मॅचचं काय सांगतोस? सर्बियाला गटात ११०-८४ने धुतलं, ब्राझीलला १२२-८७. तिथे करी बाकावर बसून राहिला असता तरी निकाल तोच लागला असता. खरी वेळ दोनदाच आली. सेमीला तिसरा क्वार्टर संपला तेव्हा अमेरिका ६३-७६ने मागे. आपल्याकडे रात्रीचा दीड-दोनचा सुमार. मी ड्यूटीवर, कँटीनमध्ये मोबाईल पाण्याच्या ग्लासाला टेकवून बघत होतो. त्या माणसाने १४ पैकी ९ थ्री घातले, म्हणून ९५-९१ झालं.

फायनलला फ्रान्सविरुद्ध तर तीन मिनिटं राहिली असताना अमेरिका जेमतेम पुढे, ८२-७९. पॅरिसमधलं बेर्सीचं सगळं स्टेडियम फ्रान्सच्या बाजूने ओरडतंय. तिथून एकट्याने चार थ्री. शेवटचा फ्रान्सचे बातूम आणि फुर्निए दोघं अंगावर असताना. फायनलमधले त्याचे २४च्या २४ गुण थ्रीचे आहेत, बारापैकी आठ. याला तू 'गुणांचा रकाना' म्हणतोस?

टेबलवाले काका
दोघेही असिस्टचा आकडा दगडावरची रेघ असल्यासारखा धरून बसला आहात, म्हणून लिहितो. नागपुरात २२ वर्षं मॅचची नोंद ठेवायला टेबलावर बसलोय. गुण हे सत्य, बॉल रिंगमधून गेला की गेला. असिस्ट हे टेबलावरच्या माणसाचं मत.

फिबात, म्हणजे ऑलिंपिकला चालतात त्या आंतरराष्ट्रीय नियमांत, पेंटच्या (रिंगखालच्या आखलेल्या चौकोनाच्या) आत उभ्या खेळाडूला पास दिला आणि त्याने तिथूनच बास्केट केली की असिस्ट. त्याने मधे ड्रिबल केलं (बॉल टप्प्याने खेळवला), हुल दिली, तरी असिस्ट. बाहेर मात्र पास मिळाल्याबरोबर शॉटकडे जायला हवं. शिवाय पासवर फाउल झाला आणि एक जरी फ्री थ्रो गेला, तरी पास देणाऱ्याच्या नावावर असिस्ट. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या लीगमध्ये, हे शेवटचं धरत नाहीत. तेव्हा लेब्रॉनचे दहा म्हणजे एनबीएचे दहा नव्हेत.

सातारकर_गार्ड
काका, मग उलटंही बोला ना. फिबाचा क्वार्टर १० मिनिटांचा, एनबीएचा १२चा. म्हणजे आठ मिनिटं कमी खेळून दहा असिस्ट. आणि फिबाची थ्रीची रेघ ६.७५ मीटरवर, एनबीएची ७.२४. मग करीच्या थ्रीतूनही अर्धा अर्धा मीटर वजा करणार का?

रात्रपाळी
त्याचे निम्मे थ्री एनबीएच्या रेघेमागूनच असतात! मॅच बघितलीस की फक्त बॉक्स स्कोअर?

आकडेमोड
रकान्यांपेक्षा एफिशियन्सी बघा. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील (बॉल हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं) यांची बेरीज. त्यातून हुकलेले शॉट, हुकलेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर (बॉल गमावणं) वजा. यात एकट्या गुणांवर कुणी वर येत नाही. दोष एवढाच की स्क्रीन, म्हणजे समोरच्याची वाट अडवून उभं राहणं, कुठेच मांडला जात नाही. करी मोकळा होतो तो कुणीतरी छातीवर धक्का खाऊन उभं राहतं म्हणून. त्या माणसाच्या नावापुढे शून्य.

सातारकर_गार्ड
हेच, हेच मला म्हणायचंय. आपल्याकडे तर शीटवर असिस्टचा रकानाच नाही! स्कोअरशीट आठवा: दोन गुणांना तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, थ्रीला खेळाडूच्या नंबरभोवती गोल. पहिला-तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा-चौथा निळ्या नाहीतर काळ्याने. रिबाउंड नाही, असिस्ट नाही, काही नाही.

विद्यापीठ संघाची निवड होती. मी पॉइंट गार्ड, म्हणजे पास देऊन खेळ चालवणारा, नंबर ७. तीन मॅच आमची टीम जिंकली. शेवटी निवड समितीतल्या एका सरांनी शीट उचललं, बोट वरून खाली फिरवलं आणि विचारलं, "सात नंबर कुठंय?" लाल-निळ्या आकड्यांत माझा ७ चार वेळा होता. माझ्या पासवर १९ गुण केलेला मुलगा गेला, मी एस्टीने घरी आलो. बारा वर्षं झाली.

रात्रपाळी
म्हणजे तुझा राग करीवर नाहीच. त्या १९ गुणवाल्या मुलावर आहे. मग आधीच सांगायचंस, आम्ही फुकट आकडे काढत बसलो.

सातारकर_गार्ड
तोंड सांभाळून. तो मुलगा माझा मित्र आहे, आजही आहे. राग त्या बोटावर आहे जे फक्त एकाच रकान्यावरून फिरलं. तूही तेच करतोयस, ३६ आणि २४ वर बोट ठेवून.

मैथिली
भांडू नका. सातारकरांचं दुखणं मला ठाऊक आहे. मी जिल्ह्याकडून खेळायचे, सेंटर. माझं काम रिबाउंड आणि समोरच्या उंच मुलीला आत येऊ न देणं. त्याची नोंद ठेवायला कुणी नव्हतं. आई दोनशे पानी वही घेऊन पायऱ्यांवर बसायची. तिला बास्केटबॉलचे नियम येत नव्हते. मी तिला एवढंच शिकवलं होतं, रिंगवरून उडालेला बॉल माझ्या हातात आला की एक उभी रेघ, पाच झाल्या की आडवी. एका फायनलला तिने १७ मांडल्या. पेपरात आलं, "अमुक हिच्या १४ गुणांच्या जोरावर विजय." माझं नावही नव्हतं. वही अजून आहे.

पण रात्रपाळी म्हणतात तेही खोटं नाही. शेवटच्या तीन मिनिटांत बॉल हातात नकोसा होतो, हे खेळलेल्याला विचारा. तेव्हा शॉट घेणारा वेगळाच असतो.

नागपाडा_९
आमच्या मुंबईच्या नागपाड्यात करीसारखे शॉट मारणारी पोरं गल्लीगल्लीत आहेत, पास देणारा शोधावा लागतो. कारण मैथिलीताईंनी सांगितलं तेच. जे लिहिलं जातं तेच पोरं करतात. काका, तुम्ही टेबलवाल्यांनी दुसरा कागद ठेवला असता तर?

टेबलवाले काका
बाळा, टेबलावर स्कोअरर, असिस्टंट, टायमर आणि शॉट क्लॉकवाला. जिल्ह्याच्या मॅचला यातले दोघं आले तरी नशीब. रिबाउंड कोण मोजणार? चहासुद्धा आम्हीच आणतो. आरोप करण्याआधी एकदा येऊन बसा.

तरी सातारकर, तुमच्या सात नंबरचं वाचून वाईट वाटलं. असिस्ट हे मत असतं म्हणालो, त्यावर ठाम आहे. पण मत नोंदवायचंच नाही, हे त्याहून वाईट.

रात्रपाळी
मघाचं त्या मुलाबद्दलचं मागे घेतो. एमव्हीपी अख्ख्या स्पर्धेचा, हेही मान्य, कारण नियमच तसा आहे. पण 'वयाचा मान' हे मी लिहिलं नव्हतं, त्याचा राग माझ्यावर काढू नकोस. आणि शेवटची ती तीन मिनिटं करीची. एवढं तरी म्हण.

सातारकर_गार्ड
तीन मिनिटं करीची. म्हटलं. पण त्या चार थ्री मी परत लावून बघणार. पास कुणाचा, स्क्रीन कुणाचा, सगळं वहीत मांडून रविवारी इथे टाकतो.

रात्रपाळी
टाक. फायनलला फ्रान्सच्या वेम्बान्यामाचे २६ आणि याबुसेलेचे २० गुण पण मांड. हरलेल्यांचं तर कुणीच मांडत नाही.