बांधकाम पीएमसीचा धंदा मंदीत कसा टिकवायचा? जळगाव-धुळ्याकडच्यांनी सल्ला द्या

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. जळगावात माझी छोटी पीएमसी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटची फर्म आहे, मालकाच्या वतीने साइटवर देखरेख, ठेकेदाराची बिलं तपासणं, वेळापत्रक, सगळं आम्ही बघतो. रेरा (बिल्डरांवरचा कायदा) आला त्याच वर्षी म्हणजे २०१७ ला सुरू केली, लॉकडाऊनही निभावला. आता चारपैकी दोन कामं थांबलीत. एक रावेरकडच्या केळीवाल्यांचा बंगला, भाव पडला म्हणून प्लास्टरच्या आधीच थांबलाय. दुसरं बिल्डरचं, त्याचे फ्लॅट उठत नाहीत, माझी तीन बिलं अडकलीत आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मी खिशातून भरून बसलोय. फी बांधकाम खर्चाच्या ३ टक्के. एक इंजिनिअर कमी करू, बँकेची सीसी लिमिट (धंद्यासाठीची उचल) वाढवू, की सरकारी कामात शिरू? ज्याला कमी करायचं तो पोरगा लॉकडाऊनमध्ये अर्ध्या पगारावर माझ्यासोबत थांबलेला आहे, म्हणून झोप लागत नाहीये.

धुळेकर साइटवाला:
भाऊ, पोराला हात लावू नका, दुखणं फीमध्ये आहे. दीड कोटीचं काम धरा, ३ टक्क्यांनी साडेचार लाख. दहा महिन्यांत झालं तर महिन्याला ४५ हजार पडतात, तेच काम सोळा महिने रखडलं की २८ हजार, आणि इंजिनिअरचा पगार, पेट्रोल तर तेवढंच लागतं ना. मालकाकडे पैसे नसल्यामुळे काम लांबतं आणि त्याचा भुर्दंड आपण भरतो. मी टक्केवारी सोडली, आता महिन्याची ठरलेली फी घेतो, ठरलेल्या मुदतीच्या पुढे गेलं तर पुढच्या प्रत्येक महिन्याची वेगळी, हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून घेतो. दुसरं म्हणजे साइटवर एक रजिस्टर ठेवा, रोज एकच ओळ. "मिस्त्री ४, सळई आली नाही, मालकाकडून पैसे बाकी." आठवड्याला मालकाची सही घ्यायची. एका कापसाच्या जिनिंगच्या शेडचं काम चार महिने लांबलं तेव्हा शेठजी आधी काही ऐकायलाच तयार नव्हते, मी पानं उलटून त्यांच्याच सह्या दाखवल्या, चारही महिन्यांची फी मिळाली. आणि होळीला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मजूर गावी जाणारच, ते दिवस वेळापत्रकात आधीच धरा, नाहीतर तो उशीर आपल्या नावावर लागतो.

ताळेबंद:
मी सीए आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर याच आठवड्यात करा, फुकट होते, आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. १ एप्रिल २०२४ पासून आयकरात एक नियम आहे, कलम ४३बी(एच) म्हणून आलेला, सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही तर समोरच्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. बिल्डरच्या सीएला हे बरोबर माहीत असतं, मार्चआधी त्याच्याशी बोला. बंगलेवाल्याला मात्र हे चालत नाही, घर बांधणं हा त्याचा धंदा नाही. आणि जुनी बिलं निघेपर्यंत सीसी वाढवू नका.

केळीवाला यावल:
मी तुमच्या समोरच्या बाजूचा माणूस. आमचा पैसा महिन्याला येत नाही, माल कटला की येतो. आमच्याही बंगल्याचं काम असंच थांबलं होतं, तेव्हा इंजिनिअरने फोन उचलणंच बंद केलं, पावसाळ्यात गच्चीतून पाणी उतरलं आणि बाहेर राहिलेल्या सळया गंजल्या, ते आजही मनात आहे. तुम्ही स्वतः जाऊन सांगा की काका, एवढ्या पैशात काम सुरक्षित करून थांबू. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सळयांना सिमेंटचं पाणी, बारीची (खिडकीची) मोकळी जागा झाकून घेणं. पुढच्या कटाईला तो माणूस तुम्हालाच बोलावेल, आणि भावकीतही तुमचंच नाव सांगेल.

भुसावळ लाईन:
तुन्हं बरोबर शे भाऊ. सरकारी कामाबद्दल मी सांगतो, खिसा रिकामा असताना शिरू नका. अनामत अडकते, बिलं मार्चपर्यंत लोंबकळतात, तेवढा दम हवा. त्यापेक्षा आहे त्या गिऱ्हाइकाचे पैसे वाचवून दाखवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, ज्यांचे विथ मटेरियल (मालासकट) रेट त्याआधी ठरले त्यांच्या ठेकेदारासोबत बसून रेट खाली आणा. थांबलेली कामं यानेही हलतात.

गिरणाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रावेरला जाऊन आलो. काकांनी आधी चहा पाजला, मग गच्चीवर नेलं, वॉटरप्रूफिंगला तयार झाले आणि दिवाळीनंतर महिन्याच्या फीवर पुढचं बोलू म्हणाले. पोराला तिथेच पाठवतोय. उद्यम नोंदणी आज केली. धुळेकर भाऊ, त्या रजिस्टरच्या एखाद्या पानाचा फोटो टाकता का, नाव-गाव झाकून?