प्रतिसाद: आयसीटीला बाहेर कोण ओळखतं?

'महाराष्ट्राबाहेर आयसीटीला कोणी विचारत नाही' हे अर्धंच खरं आहे. इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, मुंबईत माटुंग्याची ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था, १९३३ पासूनची. जुनी माणसं अजून यूडीसीटीच म्हणतात, म्हणजे विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजी विभाग. गुजरातच्या अंकलेश्वर-वापी केमिकल पट्ट्यात तेवढं नाव पुरतं. उत्तरेकडच्या मुलाला मात्र 'आयसीटी' म्हणजे कॉम्प्युटरचं काहीतरी वाटतं! २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाच्या दर्जासोबत नाव 'आयसीटी' झालं, तिथेच जुनी ओळख पुसट झाली.

दुसरी गोम प्रवेशाची. तिकडची मुलं जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या सामाईक प्रवेशाच्या, यादीत कॉलेज शोधतात. तिथे माटुंग्याची आयसीटी नसतेच. बाहेरच्या राज्यातल्यांनी जेईई मेनच्या गुणांवर महाराष्ट्र सीईटी सेलकडे (राज्याच्या प्रवेश कक्षाकडे) वेगळी नोंदणी करायची असते. जोसाच्या फेऱ्यांची वाट बघत बसलं की ती मुदत टळू शकते.