माफीचा अधिकार राष्ट्रपतींकडे हवाच कशाला?

रंकाळावेस: मी कोल्हापूरचा. १९९६ साली लहान मुलं पळवून मारणाऱ्या गावित बहिणींना अटक झाली तेव्हा आमच्या गल्लीत एकाही पोराला एकट्याने दुकानात पाठवत नसत. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये फाशी कायम केली, २०२२ मध्ये ती जन्मठेप झाली. कोर्टांनी सगळं तपासल्यावर राष्ट्रपती, राज्यपालांना मध्ये पडू द्यायचंच कशाला? हा अधिकार काढून टाका.

वकीलकाकू: दादा, त्या दोघींना माफी कुणीच दिलेली नाही. राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये अर्ज फेटाळला होता. फाशी रद्द केली ती मुंबई हायकोर्टाने, कारण दयेच्या अर्जावर निर्णय व्हायलाच जवळजवळ आठ वर्षं गेली. तुमचा राग रास्त आहे, पण तो रखडलेल्या फायलीवर काढा.

मी विधी सेवेतर्फे कैद्यांचे असे अर्ज लिहून दिलेत. अर्जासोबत नॉमिनल रोल (कैद्याच्या शिक्षेच्या तपशिलाचा तुरुंगातला तक्ता), निकालाच्या प्रती, डॉक्टरांचा अहवाल, वर अधीक्षकांचा शिक्का. तिथून मंत्रालयातला गृहविभाग, मग दिल्ली. एखादा कागद कमी निघाला की फाईल परत. फाशीची शिक्षा झालेला एक कैदी दर भेटीत एवढंच विचारायचा, "ताई, कागद आला का?" बराकीचं कुलूप अवेळी वाजलं की जेवणाचं ताट बाजूला सारायचा. अशी वर्षं काढायला लावणं ही वेगळीच शिक्षा आहे, आणि ती कोणत्याही कोर्टाने सुनावलेली नसते. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात सुप्रीम कोर्टाने याच मुख्य कारणाने पंधरा जणांची फाशी रद्द केली.

सातारी_मास्तर: पण काकू, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटींचं काय? वजनदार माणसालाच माफी मिळते.

वकीलकाकू: मास्तर, तो डाग आहेच. १९६० मध्ये हायकोर्टाने जन्मठेप दिली त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली. १९६४ मध्ये तर राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफीच दिली. एखाद्या गरीब शेतमजुरासाठी राजभवन एका दिवसात हललेलं मी तरी पाहिलं नाही.

तरीही अधिकार राहू द्या असंच मी म्हणेन. साक्षीदार खोटा होता हे अपील संपल्यावर कळलं, कैद्याचं मानसिक संतुलन गेलं, तर दाद कुठे मागायची? इंदिरा गांधींच्या हत्येतल्या केहर सिंगच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की राष्ट्रपती पुरावा स्वतः तपासून कोर्टापेक्षा वेगळ्या मताला येऊ शकतात. आणि हा अधिकार बेलगाम नाही. आंध्रच्या राज्यपालांनी दिलेली शिक्षामाफी सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये रद्द केली. कैदी पक्षाचा चांगला कार्यकर्ता आहे, असं त्या फायलीत लिहिलेलं होतं!

रंकाळावेस: मग मुदत का घालत नाहीत?

वकीलकाकू: अर्धवट घातलीय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ४७२ प्रमाणे कैद्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. राज्याचा अभिप्राय आणि कागद मिळाल्यावर केंद्राने साठ दिवसांत राष्ट्रपतींना शिफारस करायची. पुढे राष्ट्रपतींनी किती दिवसांत सही करावी, याला मुदत नाही. माझा आग्रह तिथे आहे: सहा महिने, आणि माफी द्या किंवा नाकारा, कारण लेखी द्या. मेलेल्या मुलांच्या आईबापांनाही ते कारण वाचायला मिळालं पाहिजे.