मदत हवी आहे: 'मॉर्मन' हा शब्द कुठे लिहावा, कुठे टाळावा?

अंगणातली:

नमस्कार. आम्ही सहा वर्षं अमेरिकेतल्या युटा राज्यात लीहाय गावात राहतो. आमच्या मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी मी शेजारच्या आजींवर लेख लिहिला आहे आणि त्यातल्या 'मॉर्मन' या शब्दापाशी अडले आहे. आजी ज्या चर्चच्या आहेत, त्या चर्चच्या लोकांना सगळे 'मॉर्मन' म्हणतात. मजकूर शुक्रवारी छपाईला जायचाय, म्हणून घाईने विचारते.

गेल्या वर्षी माझे सासरे सांगलीला वारले. आमचे पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेले, निघताच आलं नाही. त्या संध्याकाळी आजी दारात उभ्या, हातात फॉइलने झाकलेला गरम ट्रे. किसलेले बटाटे, चीज आणि वर कॉर्नफ्लेक्सचा कुरकुरीत थर. आपल्याकडे शेजारी पिठलं-भात आणतात ना, तसे इकडे कुणी गेलं की हे बटाटे येतात. नावच 'फ्युनरल पोटॅटोज'. "नेहमीचं चिकनचं सूप घातलेलं नाही, मशरूमचं घातलंय," हे त्यांनी उंबऱ्यातच सांगितलं. मी चहा टाकायला उठले तर म्हणाल्या, मला नुसतं गरम पाणी दे. चहा-कॉफी त्यांच्यात चालत नाही. रात्री दहापर्यंत नवऱ्याजवळ बसून होत्या.

लेख पुरा झाल्यावर वाचून दाखवायला गेले, तर म्हणाल्या, तुझ्या भाषेतच ऐकव. मी वाचत गेले. त्यांना ओळखू येण्यासारखे शब्द दोनच होते, त्यांचं स्वतःचं नाव आणि 'मॉर्मन'. नंतर मोजलं, अकरा वेळा आला होता. संपल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "फार गोड वाटलं ऐकायला. पण ते आमचं नाव नाही गं." त्या रागावल्या नव्हत्या, मलाच लागलं. आभार मानायला लिहिलेला लेख, आणि त्यात माणसाचं नावच चुकावं!

पण त्यांच्याच टेबलावर 'बुक ऑफ मॉर्मन' हा त्यांचा धर्मग्रंथ असतो. नवरा म्हणतो, पूर्वी 'मी मॉर्मन आहे' अशा जाहिराती त्यांच्याच चर्चने केल्या होत्या. मग मधे काय बदललं? चर्चच्या पूर्ण नावाचं मराठी कसं करावं? त्यातल्या 'लॅटर-डे सेंट्स'ला मी 'आधुनिक संत' लिहिलंय, ते खटकतंय. शिवाय 'मॉर्मन लोकांत पूर्वी बहुपत्नीत्व होतं, काही ठिकाणी अजून आहे' असं एक वाक्य आहे, ते ठेवू का? जाणकारांनी कृपया सांगावं.

जुना_युटावासी:

आजी बरोबर सांगतायत, आणि तुमच्या यजमानांचंही खरं आहे.

मॉर्मन हे मुळात एका माणसाचं नाव. त्या ग्रंथानुसार तो अमेरिका खंडातला प्राचीन संदेष्टा. आपल्या लोकांच्या जुन्या नोंदी त्याने सोन्याच्या पत्र्यांवर थोडक्यात उतरवल्या आणि त्याचा मुलगा मोरोनाय याने ते पत्रे पुरून ठेवले. इथल्या बऱ्याच मंदिरांच्या शिखरावर तुतारी फुंकणारी सोनेरी मूर्ती दिसते, ती मोरोनायची. तुमच्या गावाला लीहाय हे नावही त्याच ग्रंथातल्या एका संदेष्ट्यावरून मिळालं. जोसेफ स्मिथ यांनी त्या पत्र्यांचं भाषांतर म्हणून १८३० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पामायरा गावी हा ग्रंथ छापला आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला चर्चची स्थापना केली. हा ग्रंथ मानणाऱ्यांना विरोधक चिडवायला 'मॉर्मनाइट', 'मॉर्मन' म्हणू लागले. चर्चचं आजचं नाव मात्र १८३८ सालचं, 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. ते जोसेफ स्मिथ यांना साक्षात्कारातून मिळालं, अशी त्यांची श्रद्धा आहे.

चिडवायचं नाव पुढे अंगवळणी पडलं आणि त्यांनी स्वतःही ते अभिमानाने लावलं. त्या जाहिराती याच काळातल्या. २०१८ साली चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की टोपणनाव वापरलं की नावातून येशू ख्रिस्तच गळतो, म्हणून पूर्ण नाव घ्या. त्याच वर्षी त्यांच्या जगप्रसिद्ध गायकवृंदाचं, 'मॉर्मन टॅबरनॅकल क्वायर'चं, नावसुद्धा बदलून 'द टॅबरनॅकल क्वायर अ‍ॅट टेम्पल स्क्वेअर' झालं. दारावर येणाऱ्या मिशनरी मुलांच्या छातीवरची नावाची काळी पट्टी बघा, येशूचं नाव कसं ठसठशीत लिहिलेलं असतं. आजींना काय म्हणायचं होतं ते तिथेच दिसेल.

ग्रंथाचं नाव मात्र तसंच लिहायचं. १८४७ साली ही मंडळी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आली, त्या वाटेला 'मॉर्मन ट्रेल' म्हणायलाही चर्चची हरकत नाही. आजच्या माणसांना मात्र ते नाव लावू नका.

बहुपत्नीत्वाचं वाक्य काढाच. चर्चने १८९० साली ती प्रथा थांबवल्याचं जाहीर केलं, आणि आज कुणी तसं लग्न केलं तर त्याला चर्चमधून काढून टाकतात. युटा-अ‍ॅरिझोनाच्या सीमेवर ती प्रथा चालवणारे गट वेगळे, त्यांचा या चर्चशी संबंध नाही. पत्त्यांच्या क्लबात आलेला प्रत्येक नवा मराठी माणूस मला हाच प्रश्न विचारतो, आणि ऐकणाऱ्या शेजाऱ्याचा चेहरा उतरलेला मी पाहिलाय.

इतिहासाची_विद्यार्थिनी:

एक भर घालते. अभ्यासक अजूनही 'मॉर्मन' शब्द वापरतात, कारण जोसेफ स्मिथ यांच्यानंतर निघालेल्या अनेक शाखांना मिळून दुसरा सुटसुटीत शब्द नाही. १९६५ पासूनच्या 'मॉर्मन हिस्टरी असोसिएशन'ने नाव बदललेलं नाही. चर्च सोडलेले काही लोकही स्वतःला 'माजी मॉर्मन' म्हणवतात. त्यामुळे हा शब्द शिवी आहे असं समजू नका. पण तुमचा लेख एका बाईंवर आहे आणि त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंय, तेच लिहा.

वसईची_पोर:

'आधुनिक संत' नको. संत म्हटलं की मराठी वाचकाला ज्ञानोबा-तुकोबा आठवणार. आम्हा वसईच्या कॅथलिकांना गोन्सालो गार्सिया आठवणार, १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झालेले. त्यांना संतपद मिळायला १८६२ उजाडलं. इथे 'सेंट्स' म्हणजे चर्चचे साधे सभासद, तुमच्या आजींसारखे. बायबलमधल्या पौलाच्या पत्रांत चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांनाच तसं म्हटलंय, आणि मराठी बायबलमध्ये तिथे 'पवित्र जन' असा शब्द आहे. 'लॅटर-डे'साठीही बायबलमधलेच 'शेवटले दिवस' घ्या. 'उत्तरकालीन' लिहिलंत तर तुकारामांनंतरचे संत वाटतील!

माझ्या मते चर्चचं नाव भाषांतर न करता देवनागरीत जसंच्या तसं लिहावं आणि अर्थ एकदाच उलगडावा, 'शेवटल्या दिवसांतले पवित्र जन'. पुढे नुसतं 'चर्च' पुरतं.

अंगणातली:

सगळ्यांचे मनापासून आभार. 'पवित्र जन' वाचलं आणि आजींचा ट्रे डोळ्यांसमोर आला.

अकरापैकी नऊ ठिकाणी शब्दच नको होता. 'मॉर्मन आजी', 'मॉर्मन घर' असं उगीच लावत गेले होते, तिथे नुसतं 'आजी' आणि 'घर' केलं. एका ठिकाणी चर्चचं पूर्ण नाव आणि अर्थ घातला. एक उरला तो टेबलावरच्या ग्रंथाचा. बहुपत्नीत्वाचं वाक्य खोडलं.

आज दुपारी पुन्हा वाचून दाखवलं. 'जीझस क्राइस्ट' आलं तेव्हा आजींनी डोळे मिटले. ग्रंथाचं नाव आलं तेव्हा मी थांबून त्यांच्याकडे पाहिलं, तर हसून म्हणाल्या, "ते बरोबर आहे, वाच पुढे."